टाक्या बदलून पाणी राहत नाही : गाडीची बॅटरी रोज का उतरते?

सोमवार, सकाळचे पावणेसात. किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले, बॉनेटखालून कुणी नखाने पत्रा वाजवावा तसा ‘टक् टक् टक् टक्’ आवाज आला आणि सगळं गप्प. धक्का मारायला शेजारचे दोघं आले. त्यातल्या एकाने विचारलं, “सर, परवाच नवी बॅटरी टाकली ना हो?”

परवा नाही, अडीच महिन्यांपूर्वी. आणि त्याआधीची बॅटरीही जेमतेम वर्षभराचीच होती. गाडी बारा वर्षांची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. कॉलेजला जाऊन येऊन रोजचे बावीस किलोमीटर. आठवडाभर कुरकुरत का होईना सुरू व्हायची. शनिवार-रविवार दारात उभी राहिली की सोमवारी मेलेली. दुकानदार म्हणायचा, “सेल गेलाय.” मी पैसे मोजायचो. लाजेची बाब अशी की मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी फळ्यावर डायोडची आकृती काढतो, पोरांकडून काढून घेतो, चुकली तर मार्क कापतो. पण स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून एक आकडा मोजावा, हे दीड वर्षात सुचलं नाही.

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “कुणाकडे जंपर केबल आहे का?” हा निरोप फिरायला लागतो. दिवाळीत गावी जाऊन आलेल्यांचंही तेच. बहुतेक जण माझ्यासारखंच करतात : बॅटरी उतरली, म्हणजे बॅटरी खराब. कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा बिचारी बॅटरी फक्त रिकामी असते. तिला रिकामं करणारा, किंवा भरायला विसरणारा, दुसराच असतो.

टाकी, मोटार आणि फूटव्हॉल्व्ह

विहिरीवर मोटार आहे, मळ्यात उंचावर टाकी आहे आणि टाकीतून घरात-गोठ्यात नळ गेलेत, असं समजा. गाडीतली बॅटरी म्हणजे ही टाकी. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारं, नारळाएवढं यंत्र म्हणजे मोटार. त्याचं नाव अल्टरनेटर; गॅरेजमध्ये अजूनही त्याला ‘डायनॅमो’च म्हणतात. हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा, म्युझिक सिस्टीम, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळे नळ.

इंजिन चालू असताना नळांना पाणी टाकीतून जात नाही, मोटारच पुरवते. उरलेलं टाकीत पडतं. टाकीची खरी गरज इंजिन बंद असताना, आणि सेल्फ मारताना. सेल्फ म्हणजे इंजिनला पहिला झटका देणारी मोटार. ती दीडशेच्या आसपास अँपिअर खेचते, पण दोनच सेकंद. म्हणजे पाणी जातं प्रचंड जोरात, पण मोजलं तर तांब्याभर. रोज सेल्फ मारून बॅटरी संपते ही समजूत त्यामुळेच खोटी. तेवढा खर्च दहा मिनिटांच्या प्रवासात भरून निघतो, अल्टरनेटर ठीक असेल तर.

आता फूटव्हॉल्व्ह. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला ही झडप असते; पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. अल्टरनेटरच्या पोटात हेच काम डायोड करतात. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज घरातल्या विजेसारखी एसी असते, दिशा बदलत राहणारी. बॅटरीला लागते एकाच दिशेने वाहणारी, डीसी. मागच्या बाजूला एका पट्टीवर बसवलेले डायोड (साधारणपणे सहा) एसीची डीसी करतात आणि इंजिन बंद झालं की बॅटरीतला करंट उलटा आत घुसू देत नाहीत. त्या पट्टीला बाजारात ‘डायोड प्लेट’ म्हणतात.

चौथा भाग रेग्युलेटर, जुन्या लोकांच्या भाषेत ‘कटआऊट’. टाकी भरली की मोटारीचा जोर कमी करणारा हा फ्लोट. एवढे चार भाग डोक्यात ठेवले की झालं.

“बॅटरीचा लाल दिवा तर लागत नाही मग चार्जिंग ठीकच असणार ना?”

हा पहिला आक्षेप, आणि मीही त्यावरच विसंबलो होतो.

विहिरीवरच्या पंपात आधी थोडं पाणी भरावं लागतं, नाहीतर तो नुसता हवेत गरगरतो. अल्टरनेटरचं तसंच आहे. त्यातल्या फिरत्या भागाला, रोटरला, चुंबक व्हायला सुरुवातीचा थोडा करंट बॅटरीकडून लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा घोटभर करंट डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातूनच जातो. किल्ली फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज द्यायला लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि तो विझतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, किल्ली ‘ऑन’ला असताना तो दिवा लागलाच पाहिजे. तिथेही तो लागत नसेल तर खूश होऊ नका. दिवा गेला असेल किंवा वायर तुटली असेल, आणि मग काही गाड्यांत अल्टरनेटर वीज तयार करायला सुरुवातच करत नाही. दोन, दिवा फक्त एवढंच सांगतो की वीज तयार होते आहे. किती होते, बॅटरीपर्यंत किती पोचते आणि रात्री किती गळते, याचा त्याला पत्ता नसतो. मोटार चालू आहे की बंद हे सांगणारा तो इंडिकेटर आहे, टाकीतली पातळी दाखवणारी काच नव्हे.

तीन आकडे, एक मल्टिमीटर

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल सुई बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. शॉक बसण्याचा प्रश्न नाही, १२ व्होल्ट अंगाला जाणवतही नाहीत. (मात्र हातात लोखंडी कडं किंवा अंगठी असेल तर काढून ठेवा. ती दोन टोकांत अडकली तर शॉक बसणार नाही, पण क्षणात लाल होऊन कातडी भाजेल.)

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, किल्ली लावण्याआधी. शिसं आणि आम्लाची नेहमीची बॅटरी सहा सेलची असते, प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण टाकी, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० ला पाव उरली. ११.८ च्या खाली टाकीचा तळ दिसला समजा. इथेच लोक फसतात. “बॅटरी बाराची आहे आणि मीटर बारा दाखवतोय, म्हणजे झकास” हे मी स्टाफरूममध्ये विज्ञानाच्याच दोन प्राध्यापकांकडून ऐकलंय. बारा म्हणजे झकास नव्हे, उपाशी.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि मीटरकडे बघत राहा. आकडा खाली कोसळतो आणि परत वर येतो. भरलेली, धडधाकट बॅटरी ९.६ च्या वरच थांबते, सहसा दहाच्याही वर. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठ-साडेआठवर आपटली, तर ती खरंच म्हातारी झाली आहे. टाकी भरलेली दिसत होती, पण आत निम्मा गाळ होता. दुकानदाराचं “सेल गेलाय” तेव्हा बरोबर.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना, अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून. १३.८ ते १४.६ च्या मध्ये काहीही चालेल. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम लावा. आकडा थोडा उतरेल, पण साडेतेराच्या फार खाली जायला नको. इंजिन चालू असूनही १२.३, १२.२, १२.१ असा घसरत चालला असेल तर चार्जिंग होतच नाही आणि तुम्ही टाकीतल्या पाण्यावर गाडी चालवताय. उलट १५ च्या वर गेला, तर कटआऊट बिघडलाय. टाकी भरूनही मोटार थांबत नाही. बॅटरीतलं पाणी उकळून उडतं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि बॅटरी भाजून मरते. बॅटरीला सारखं डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतंय अशी तक्रार असेल, तर आधी हा आकडा बघा.

तीन आकडे कागदावर लिहा आणि मग गॅरेजला जा. सांगतो, मेस्त्रीचा बोलण्याचा सूर बदलतो.

चार्जिंग अडतं कुठे?

तिसरा आकडा कमी आला की लगेच अल्टरनेटर उतरवायची घाई नको. आधी पट्टा बघा. तो सैल किंवा गुळगुळीत झाला की पावसात, थंड इंजिनवर, हेडलाइट लावले की ‘चीं’ असा किंचाळतो आणि घसरतो. मोटार ठीक, पण पट्टा सरकतोय, अशी ही पिठाच्या गिरणीत नेहमी दिसणारी गोष्ट.

मग टर्मिनल. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. कढत पाण्यात खायचा सोडा कालवून ती धुवा, सँडपेपर मारा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनल काढताना आधी उणे, बसवताना उणे शेवटी. कारण गाडीची सगळी बॉडी उणे टोकाला जोडलेली असते. अधिकचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्यांची आतषबाजी होते.

त्यानंतर अर्थिंग. इंजिनपासून बॉडीला आणि बॅटरीला जाणारी विणलेली पट्टी किंवा जाड काळी वायर. कोकणातल्या गाड्यांत, समुद्राच्या खाऱ्या हवेने, ही पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून गंजलेली असते. तपासायला सोपी आहे : इंजिन चालू, दिवे चालू, मीटरची एक सुई बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असला पाहिजे. तसंच बॅटरीचं अधिक टोक आणि अल्टरनेटरच्या मागचा जाड वायरीचा बोल्ट यांच्यामध्ये ०.३ च्या आत. त्याहून जास्त आला तर वीज वाटेतच मरते आहे. पाइप चोंदलाय, मोटार बदलून उपयोग नाही.

हे सगळं ठीक निघालं, मग अल्टरनेटर. त्यात सर्वात आधी झिजतात कार्बन, म्हणजे फिरत्या रोटरला करंट पोचवणारे पेन्सिलीच्या शिशासारखे दोन तुकडे. खराब रस्त्यावर गाडी आदळली की लाल दिवा भुकभुकतो आणि परत विझतो, हे लक्षण बहुधा त्यांचं. स्वस्तातलं काम आहे. मग कटआऊट, मग डायोड.

गाडी उभी असताना करंट कोण खातं?

इथे टाकी भरते आहे, पण रात्रीत रिकामी होते. आधी एक कबुली : थोडा करंट प्रत्येक गाडी खातेच. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, कॉम्प्युटरची स्मरणशक्ती यांना मिळून २० ते ५० मिलिअँपिअर लागतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास (करंट गुणिले तास, म्हणजे एकूण किती पाणी गेलं याचं माप) झाले. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे पंधरा दिवसांत ती अर्धी होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्या हजारो धडधाकट गाड्या महिनाभराने मुक्या झाल्या, त्यांत बिघाड काहीच नव्हता. नुसतं थेंब थेंब गळणं होतं.

आता डिकीतला ५ वॉटचा एक दिवा, झाकणाचा स्विच अडकल्यामुळे रात्रंदिवस जळतोय असं समजा. तो ०.४ अँपिअर खातो, दिवसाला सुमारे १०. साडेतीन दिवसांत ३५ संपले. आणि डिकी बंद असल्यामुळे दिवा दिसत नाही! (मोबाइल व्हिडिओ रेकॉर्डिंगवर ठेवून डिकीत ठेवा आणि झाकण लावा. एवढी साधी युक्ती आहे.)

माझ्या मते सर्वात जास्त संशय घ्यावा तो नंतर बसवलेल्या वस्तूंवर. बाहेरून टाकलेली म्युझिक सिस्टीम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा. बसवणारा घाईत किल्लीवरच्या वायरीऐवजी कायम चालू असलेल्या वायरीला जोडून देतो. एकाने मला विचारलं होतं, काचेवरचा फास्टॅग बॅटरी खातो का? नाही. त्याला वायरच नाही आणि आत बॅटरीही नाही. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवरच तो उत्तर देतो.

मोजायची रीत अशी. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. गाडी बंद, किल्ली खिशात, दारं लावलेली. उणे टर्मिनल सोडवा आणि ते टर्मिनल व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर जोडा, म्हणजे गळणारं सगळं पाणी मीटरमधूनच जाईल. सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसतील, घाबरू नका. कॉम्प्युटरला झोप लागायला वेळ लागतो. अर्धा तास थांबा, चहा घ्या. मग आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत आला तर गाडी निर्दोष. पाचशे-आठशे दाखवत असेल तर एकेक फ्यूज काढत चला. ज्याने आकडा धाडकन उतरेल त्या फ्यूजच्या वाटेवर चोर आहे. नव्या गाड्यांत फ्यूज ओढला-घातला की झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात, तिथे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या बिंदूंमध्ये मिलिव्होल्ट मोजतात. करंट वाहत असेल तरच आकडा येतो.

दोन सूचना. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. मीटरचा फ्यूज तरी जाईल नाहीतर मीटर. आणि काम झाल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला. अँपिअरच्या भोकात वायर ठेवून बॅटरी तपासणं म्हणजे दोन टोकांना सरळ तार जोडणं. हे मी प्रयोगशाळेत दरवर्षी ओरडून सांगतो आणि दरवर्षी दोन मीटर जळतात.

सगळे फ्यूज काढले, तरी गळती चालूच

माझ्या गाडीत हेच झालं. चौकशी करत शेवटी ज्यांच्याकडे गेलो ते अण्णा मूळचे ट्रॅक्टर-ट्रकचे वायरमन. मी आकडे लिहून नेले होते : सोमवारी सकाळी ११.४, रात्रभर बाहेरच्या चार्जरने भरल्यावर १२.६५, सेल्फ मारताना १०.१, इंजिन चालू असताना १३.५. म्हणजे बॅटरी तरुण, चार्जिंग थोडं कमी पण आहे. अण्णांनी कागद वाचला, खिशात घातला आणि मीटर लावून अर्धा तास दुसऱ्या गाडीखाली गेले. परत आले तेव्हा मीटरवर ०.८ अँपिअर. फ्यूज एकेक करून सगळे काढले. ०.८.

मग त्यांनी दहाचा पाना उचलला आणि बंद गाडीच्या अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ धरला. पाना किंचित ओढला जाऊन टक्कन चिकटला. किल्ली माझ्या खिशात होती! “हात लावा,” अण्णा म्हणाले. इंजिन थंडगार आणि अल्टरनेटरचं अंग कोमट, नुकत्याच निवलेल्या चहाच्या कपासारखं.

“सर, तुमचा फूटव्हॉल्व्ह गळतोय आन् तुम्ही टाक्या बदलताय.”

डायोड प्लेट गळकी झाली होती. बॅटरीतला करंट त्या डायोडमधून उलटा आत शिरून रोटरच्या वेटोळ्यातून जात होता, म्हणून बंद गाडीतही रोटर चुंबक झाला होता आणि ऊबदार. (सगळ्याच गाड्यांत पाना असा चिकटत नाही, आतली जोडणी वेगळी असते.) अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीवर येते, फ्यूज-बॉक्समधल्या छोट्या फ्यूजांशी तिचा संबंध नसतो, त्यामुळे फ्यूज काढून काही पकडता येत नव्हतं. अण्णांनी ती जाड वायर सोडवून बाजूला केली आणि मीटर ०.०२ वर आला.

हिशोब करा. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सात, एकसष्ट तास. गुणिले ०.८, म्हणजे जवळपास ४९ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची. एरवी रात्री दहा-अकरा जायचे आणि कॉलेजला जाताना त्यातले काही परत यायचे, म्हणून आठवडा कसाबसा निघायचा. हे गणित मी घरी बसून करू शकलो असतो.

गळका डायोड असा दुहेरी गुन्हा करतो. गाडी चालताना चार्जिंग कमी करतो आणि उभी असताना बॅटरी पितो. त्याला ओळखायची आणखी एक खूण आहे. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर करायचा आणि बॅटरीच्या टोकांना लावायचा. डायोड चांगले असतील तर एसी जवळपास शून्य यावं. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोडवर संशय. माझ्याकडे ०.९ आलं. डायोड प्लेट, कार्बन, एक बेअरिंग आणि मजुरी मिळून अकराशे रुपये झाले. दोन बॅटऱ्यांचा हिशोब मी बायकोला अजून सांगितलेला नाही.

“इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, बंद पडली तर डायनॅमो गेला”

ही चाचणी अजून कित्येक गॅरेजांत करतात. पद्मिनी-अ‍ॅम्बॅसेडरच्या काळात ती खपून जायची, कारण त्या गाड्यांत जळण्यासारखं फार काही नव्हतं. बॅटरी ही टाकी असण्याबरोबर धक्के शोषणारी गादीही आहे. चालू इंजिनवर ती अचानक काढली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो, आणि तो झटका इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्युझिक सिस्टीमला, खुद्द डायोडांना बसतो. अकराशेची दुरुस्ती पस्तीस हजारांची व्हायला तेवढं पुरतं. कुणी टर्मिनलकडे हात नेला तर सरळ “नको” म्हणा. तिसरा आकडा तीच माहिती काही न जाळता देतो.

“एक लांब फेरी मारून ये, चढेल चार्जिंग”

थोडी उतरलेली असेल तर चढेल. पार उतरलेली असेल तर नाही. अल्टरनेटर हा टाकी भरलेली ठेवायला आहे, तळापासून भरायला नव्हे. पूर्ण रिकामी बॅटरी त्याच्याकडून जमेल तेवढा करंट ओढते, तो तापतो, आणि तापले की पहिले मरतात डायोड. माझ्या अल्टरनेटरचे डायोड असेच गेले असावेत, असा मला दाट संशय आहे : या दोन्हींच्या आधीची बॅटरी म्हातारपणाने वारंवार उतरायची आणि मी दर वेळी धक्का मारून गाडी उंब्रजपर्यंत फिरवून आणायचो. त्याऐवजी बॅटरीवाल्याकडे सावकाश चार्जिंगला लावावी; ३५ ची बॅटरी साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास. “दोन तासांत देतो” म्हणणारा ती तापवून देतो.

उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवण्याचाही फारसा उपयोग नाही. मंद गतीवर अल्टरनेटर थोडंच देतो आणि त्यातलं बरंचसं पंखा-दिवेच खातात.

“माझी गाडी नवी आहे, आकडे जुळत नाहीत”

बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, अनेक गाड्यांत अल्टरनेटरला कधी किती चार्ज करायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला तो मध्येच चार्जिंग कमी करतो आणि ब्रेक मारताना वाढवतो. त्यामुळे तिसरा आकडा क्षणभर १२.८ आला तर अल्टरनेटरला दोष देऊ नका. हेडलाइट लावा, पाच-दहा मिनिटं आकडा बघत राहा. तो वर गेला पाहिजे. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची बॅटरीही वेगळ्या, दणकट जातीची असते. तिच्या जागी स्वस्त साधी बॅटरी टाकली तर ती लवकर मरते, आणि तिथे दोष चार्जिंगचा नसतो, बचतीचा असतो.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजेही सुटका नाही. पायाखाली शेकडो व्होल्टचा पॅक असला, तरी दारं, दिवे आणि कॉम्प्युटर एका छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात. तिथे अल्टरनेटर नसतो. मोठ्या पॅकमधून लहान बॅटरी भरणारं इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. ते बिघडलं की मोठी टाकी तुडुंब आणि गाडी ठप्प. ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या त्या याच युनिटमधल्या संभाव्य दोषामुळे.

मग बॅटरी बदलायची तरी कधी?

पूर्ण भरून, रात्रभर सोडवून ठेवल्यावरही ती सकाळी १२.४ च्या खाली गेली, तर. भरलेली असूनही सेल्फ मारताना ९.६ खाली आपटली, तर. अंग फुगलं असेल, तर लगेच. आपल्याकडे बॅटरीला थंडीपेक्षा ऊन जास्त मारतं. आतल्या पट्ट्या गंजण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. विदर्भातली बॅटरी मे महिन्यात म्हातारी होते, फक्त ते कळतं डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी, इंजिन जड झालं की. तीन-चार वर्षं झाली असतील तर तिने आपलं काम केलं म्हणायचं. वर्षाच्या आत दुसरी मागत असेल, तर पैसे काढण्याआधी मीटर काढा.

अण्णांनी दुरुस्ती केल्यानंतरचे माझे आकडे : सकाळी १२.६, सेल्फ मारताना १०.३, इंजिन चालू १४.२, उभ्या गाडीत ०.०२. कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, मीटरही. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली, तीच बॅटरी चालू आहे. मळ्यातल्या विहिरीचा फूटव्हॉल्व्ह मात्र अजून गळतो. वडील रोज सकाळी पंपात बादलीभर शेणकाला ओततात, आणि नवा टाकूया म्हटलं की म्हणतात, “चाललंय की.”